लोगो येतो आणि पुढे काळी स्क्रीन – लिनक्स मिंट २२, जुना गेमिंग लॅपटॉप

कातळकडा

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपने ऐन वेळी दगा दिलाय. जुनाच आहे – सातव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, इंटेलचं ग्राफिक्स आणि जोडीला एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५०. एका पार्टिशनवर विंडोज १०, दुसऱ्यावर लिनक्स मिंट २२ सिनॅमन. काल रात्री ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकला आणि रीस्टार्ट केलं. कंपनीचा लोगो येतो, ग्रबचा (कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा) मेनू येतो, मिंटचा लोगो क्षणभर चमकतो आणि मग काळीठिक्कर स्क्रीन. वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत बसते. चहा पिऊन आलो तरी तेच.

विंडोज मात्र व्यवस्थित चालू होतंय. गावातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवला तर तो म्हणे डिस्प्ले कार्ड उडालं, बोर्ड बदलावा लागेल. मला काही पटलं नाही.

आंब्याच्या बागांचे क्यूजीआयएसमध्ये केलेले नकाशे सगळे लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये अडकलेत आणि सोमवारी द्यायचेत. नेटवर जो तो 'नोमोडसेट टाका' (बूट करताना द्यायचा एक पर्याय) म्हणतोय. टाकलं. ढिम्म फरक नाही. टर्मिनलची भीती वाटत नाही, पण रोजचा सरावही नाही. कुठून सुरुवात करू?

दुधीभोपळा

फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा. पेन ड्राइव्हवरून नवीन मिंट टाकायला अर्धा तास लागतो. इथे लॉग वाचत बसण्यात दोन दिवस जातील.

बिनखिडकी

@दुधीभोपळा, अहो, त्यांचे नकाशे त्याच पार्टिशनवर आहेत. आणि फॉरमॅट मारून परत तोच ड्रायव्हर टाकला तर परत हाच धागा निघेल.

@कातळकडा, बोर्डाचं आधी निकालात काढू. विंडोज त्याच पडद्यावर चालतंय ना? मग पडदा, त्याची केबल आणि बोर्ड धडधाकट आहेत. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि एनव्हिडियाच्या नावापुढे पिवळं चिन्ह आहे का बघा. नसेल तर कार्डही ठीक आहे. एक रुपयाही खर्च करू नका.

दुसरं, नकाशे. मिंटचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा (विंडोजमधून रुफस किंवा बलेना एचर), त्यावरून बूट करा, फाइल मॅनेजरमध्ये लिनक्सचं पार्टिशन दिसेल, होम फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. विंडोज ते पार्टिशन वाचणार नाही आणि 'फॉरमॅट करायचं का' असं विचारेल. तिथे चुकूनही 'हो' म्हणू नका.

हे झालं की सोमवारचं टेन्शन संपलं. मग निवांत बघू.

शून्य_अंश

कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का? काळ्या स्क्रीनवर असताना.

कातळकडा

@बिनखिडकी, नकाशे उतरवून घेतले, फार मोठं ओझं उतरलं. पिवळं चिन्ह नाही. @शून्य_अंश, हो, दिवा लागतो-विझतो.

बिनखिडकी

म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. आता जरा सविस्तर लिहितो, कारण 'काळी स्क्रीन' या एकाच नावाखाली लोक चार वेगळ्या भानगडी विचारतात आणि चौघांना एकच उत्तर मिळतं.

ग्रबच्या आधीच काळं असेल, कंपनीचा लोगोही येत नसेल, तर त्यात लिनक्सचा काही संबंध नाही. रॅम काढून बसवा, बाहेरचा मॉनिटर लावून बघा, पुढचं दुरुस्तीवाल्याचं काम.

ग्रबमध्ये एंटर दाबलं आणि लगेच अंधार झाला, तर संशय कर्नलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर. सुरुवातीला फर्मवेअरने लावून दिलेल्या साध्या रेझोल्यूशनवर गाडी चालते, मग इंटेलचा आय९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू किंवा एनव्हिडिया कार्डांसाठीचा नूवो पडद्याचा ताबा घेतो आणि मोड बदलतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. इंटेलसाठी हे २००९ मध्ये कर्नल २.६.२९ पासून आलं, त्याआधी मोड बदलण्याचं काम एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्राम, थोडक्यात 'एक्स') स्वतः करायचा. ताबा घेताना गडबड झाली तर पडदा काळा पडतो, आणि नोमोडसेट चालतं ते नेमकं इथे, कारण ते या ड्रायव्हरांना मोडला हातच लावू देत नाही.

तिसरी जागा तुमची. कर्नल उठला, सिस्टमडी या व्यवस्थापकाने सेवा चालू केल्या, आता लॉगिनची खिडकी दाखवायची पाळी लाइटडीएमची (उबंटूवर जीडीएमची). तो एक्सला हाक मारतो, एक्स उभा राहत नाही, आणि मागे उरतो तो रिकामा कन्सोल आणि लुकलुकणारी रेघ. इथे नोमोडसेट टाकून फारसं काही होत नाही.

चौथी जागा म्हणजे पासवर्ड टाकल्यानंतरचा अंधार. त्याची कारणं आणखी वेगळी.

नोमोडसेट हे आपल्याकडे पॅरासिटामॉलसारखं झालंय, कुठेही दुखलं की द्या. काही जण तर ते कायमचं ग्रबच्या फाइलीत लिहून ठेवतात आणि मग 'व्हिडिओ अडकतो, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत, एचडीएमआय दिसत नाही' म्हणून नवा धागा काढतात. तुम्हीही कायमचं लिहिलं असेल तर काढा.

आता कामाचं. काळ्या स्क्रीनवर असताना कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. काही लॅपटॉपवर एफएनसुद्धा धरावं लागतं. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं तर नाव-पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना ताऱ्यांची खूणही दिसत नाही, घाबरू नका.

कातळकडा

आलं! लॉगिनही झालं. आता?

बिनखिडकी

एकेक चालवा आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांतच टाका.)

'डीएफ -एच' – डिस्क भरलेली नाही ना.
'मोकयूटिल --एसबी-स्टेट' – सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू की बंद.
'डीकेएमएस स्टेटस' – एनव्हिडियाचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) तुमच्या कर्नलसाठी तयार झालंय का.
'सिस्टमसीटीएल स्टेटस लाइटडीएम'.
आणि 'सुडो जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर', म्हणजे या बूटमधल्या फक्त चुका. लांबलचक निघेल, पानं पुढे सरकवायला स्पेस, बाहेर पडायला क्यू.

नाचणीचं_सत्व

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्याकडे एनव्हिडिया वगैरे काही नाही, साधं इंटेल. उबंटू सुरू झाल्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळी. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ ने पण काही दिसत नाही. याच धाग्यात चालेल का?

शून्य_अंश

@नाचणीचं_सत्व, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरून बघा. पुसट चित्र दिसतं का?

नाचणीचं_सत्व

अय्या, दिसतंय! लॉगिनची खिडकी आहे. अगदी पुसट, पण आहे.

शून्य_अंश

म्हणजे चित्र येतंय, मागचा उजेड येत नाहीये. आधी ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबून धरा, निम्म्या लोकांचं तेवढ्यावर भागतं. नाही झालं तर ग्रबच्या मेनूत यायचं (एकच ओएस असेल तर मेनू लपलेला असतो, यूईएफआय मशिनवर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट), उबंटूच्या ओळीवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असेल त्यापुढे एक जागा सोडून 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' लिहायचं आणि एफ१०. नाही चाललं तर पुढच्या वेळी 'नेटिव्ह'ऐवजी 'व्हेंडर', मग 'व्हिडिओ'. हा बदल एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. जे चालेल ते मग 'ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मध्ये लिहून 'सुडो अपडेट-ग्रब'.

विंडोजमध्येही उजेड येत नसेल तर मात्र बॅकलाइट किंवा केबल.

नाचणीचं_सत्व

'व्हेंडर'ला आला उजेड. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). धन्यवाद शून्य!

कातळकडा

माझा निकाल: डिस्क अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली, जागा भरपूर आहे. सिक्युअर बूट बंद. डीकेएमएसमध्ये एनव्हिडिया ५५० 'इन्स्टॉल्ड'. लाइटडीएम लाल अक्षरांत 'फेल्ड', खाली लिहिलंय की सुरू करायची विनंती फार भराभर परत-परत आली.

जर्नलमध्ये ब्लूटूथचं आणि एसीपीआयचं काहीबाही आहे, ते सोडलं तर एनव्हीआरएम नावाने सुरू होणाऱ्या ओळी पुन्हा पुन्हा. फोटो जोडलाय. सारांश असा की या मशिनमधलं जीपीयू ओपन मॉड्यूलवर चालत नाही, कारण त्यात जीएसपी म्हणजे जीपीयू सिस्टम प्रोसेसर नाही.

ड्रायव्हर मॅनेजरच्या यादीत ५३५, ५५० आणि ५५०-ओपन असे होते. आधी ५३५ होता. ओपन म्हणजे मुक्त स्रोत, तो बरा असं धरून तो टाकला.

बिनखिडकी

सापडलं. ब्लूटूथ-एसीपीआयच्या लाल ओळी निरोगी मशिनमध्येही असतात, त्यांच्या मागे लागून लोक रात्री घालवतात. एनव्हीआरएमची ओळ खरी.

इथे नावाने गोंधळ होतो म्हणून थोडं उलगडून सांगतो. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. पण तो खुला भाग चालतो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवर, म्हणजे २०१८ पासूनची आरटीएक्स २०, जीटीएक्स १६ आणि पुढची. त्या कार्डांत जीएसपी हा एक छोटा वेगळा प्रोसेसर असतो आणि पूर्वी ड्रायव्हर करायचा त्यातली बरीच कामं त्याच्यावरचं फर्मवेअर करतं. तुमचं १०५० पास्कल पिढीचं, २०१६ च्या आसपासचं डिझाइन. त्यात तो प्रोसेसरच नाही. मॉड्यूल कंपाइल होतं, इन्स्टॉल होतं, डीकेएमएस खुशाल 'इन्स्टॉल्ड' सांगतं, आणि कार्डासमोर उभं राहिल्यावर म्हणतं, हे माझं काम नाही.

म्हणजे 'ओपन' नावाचं पॅकेज हे त्याच ड्रायव्हरचं वेगळं कर्नल मॉड्यूल आहे, वरचा ओपनजीएल-व्हल्कनचा भाग दोन्हीकडे बंदिस्तच. आणि नूवो ही तिसरीच गोष्ट, स्वयंसेवकांनी कार्ड कसं चालतं ते बाहेरून शोधून लिहिलेला ड्रायव्हर, २०१० पासून कर्नलमध्येच असतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ९४०एमएक्स, एमएक्स१५०, एमएक्स२५०, जीटीएक्स १०५०, १०६० हे सगळे मॅक्सवेल किंवा पास्कल. 'ओपन'च्या वाटेला जाऊ नका. आणि या दोन्ही पिढ्यांना चालणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे, त्यापुढचा आकडा दिसला तरी मोह नको.

आता उपाय. काढायला इंटरनेट लागत नाही, पण पुढे काही उतरवावं लागलं तर मोबाइल यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, टर्मिनलातही नेटवर्क मॅनेजर आपोआप पकडतो. मग
'सुडो एपीटी पर्ज एनव्हिडिया-ड्रायव्हर-५५०-ओपन'
'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'
'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू'
आणि रीस्टार्ट. लगेच दुसरा ड्रायव्हर टाकू नका, आधी एनव्हिडियाशिवाय इंटेलवर डेस्कटॉप येतो का ते बघू.

दुधीभोपळा

एवढ्यात माझं मिंट टाकून, अपडेट करून, गाणी लावून झालं असतं. 😀

बिनखिडकी

आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून झाला असता. 😀

कातळकडा

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, कुठेही एरर नाही. रीस्टार्ट केलं आणि… तीच काळी स्क्रीन, तीच रेघ. 'एलएसमॉड'मध्ये (चालू मॉड्यूलची यादी) आता एनव्हिडिया कुठेच नाही, आय९१५ आणि नूवो दोन्ही दिसतात. मग आता कोण अडवतंय? दुधीभोपळ्यांचं ऐकावं अशा विचारात आहे.

रात्रपाळी

नका ऐकू. सकाळपासून धागा वाचतोय. जर्नलमध्ये आता एनव्हीआरएम नसेल, म्हणजे पहिलं प्रकरण मिटलं. पण लाइटडीएम अजून पडतोय, तर एक्स स्वतः काय म्हणतोय ते त्याच्याच तोंडून ऐका. 'व्हार/लॉग' मध्ये 'एक्सऑर्ग.०.लॉग' असेल. त्यात दुहेरी 'ईई' कंसात असलेल्या ओळी फक्त बघा, 'ग्रेप'ने काढता येतील. त्या ओळी इथे द्या.

सोबत 'ईटीसी/एक्स११' फोल्डरमध्ये 'एक्सऑर्ग.कॉन्फ' नावाची फाइल किंवा 'एक्सऑर्ग.कॉन्फ.डी' फोल्डरात काही आहे का तेही बघा. मला वास येतोय.

कातळकडा

ईईच्या ओळी थोडक्यात: 'एनव्हिडिया' हे मॉड्यूल लोड करता आलं नाही, असं मॉड्यूल अस्तित्वात नाही. एकही ड्रायव्हर उपलब्ध नाही. शेवटी फेटल एरर, 'नो स्क्रीन्स फाउंड'.

आणि कॉन्फ.डी मध्ये '२०-एनव्हिडिया.कॉन्फ' नावाची फाइल आहे! उघडली तर चारच ओळी आहेत कामाच्या: सेक्शन डिव्हाइस, एक नाव, ड्रायव्हर 'एनव्हिडिया', आणि कंपोझिशन पाइपलाइनबद्दल एक ऑप्शन. आठवलं, बाहेरचा मॉनिटर लावला की व्हिडिओत चित्र आडवं फाटायचं, तेव्हा कुठल्याशा लेखात बघून टाकली होती. पूर्वी तर तिच्यासकट सगळं नीट चालायचं.

रात्रपाळी

चालणारच, तेव्हा एनव्हिडिया होतं. एक्सला अशी फाइल नसली तर तो स्वतः कार्ड शोधतो, जमेल तो ड्रायव्हर घेतो, अगदीच काही नाही तर मोडसेटिंग नावाच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवतो. पण फाइलीत ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवलं की तो हुकूम होतो. तो नसेल तर एक्स दुसरा शोधत नाही, सरळ मान टाकतो. लाइटडीएम त्याला परत उठवतो, तो परत पडतो, हे काही सेकंदांत इतक्यांदा होतं की सिस्टमडी वैतागून नाद सोडतो. तुमच्या त्या लाल ओळीचा अर्थ एवढाच.

म्हणजे दोन बिघाड एकावर एक बसले होते. ओपन मॉड्यूलने नकार दिला तेव्हा इंटेलवर तरी डेस्कटॉप उभा राहायला हवा होता, तो या फाइलीने अडवला. नोमोडसेट टाकून का काही झालं नाही तेही यातच आलं.

फाइल पुसू नका, 'सुडो एमव्ही' करून होम फोल्डरमध्ये सरकवा. मग रीस्टार्टही नको, 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम'.

कातळकडा

आ ला !!!

एंटर दाबताच पडदा एकदा लुकलुकला आणि लॉगिनची खिडकी. पासवर्ड दिला, डेस्कटॉप, परवा उघडं ठेवलेलं फोल्डर, सगळं जागच्या जागी. रात्रपाळी, बिनखिडकी, शून्य, तिघांना हापूसची पेटी लागू. (हंगाम आला की.)

शून्य_अंश

पायरी-रायवळ चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

बिनखिडकी

रात्रपाळींना दंडवत. नूवोवर अडकल्यावर मी पुन्हा कर्नलच्याच मागे लागणार होतो.

@कातळकडा, आता ड्रायव्हर मॅनेजरमधून ५३५ टाका, साधा, 'ओपन' नसलेला. तोच आधी चालत होता, तर उगाच ५५० कशाला. मग 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड'. याने रोजचा डेस्कटॉप इंटेलवर राहतो, बॅटरी टिकते, आणि क्यूजीआयएस किंवा ब्लेंडरसारखं जड काही चालवायचं तर त्या आयकॉनवर उजवी क्लिक करून एनव्हिडियावर चालवण्याचा पर्याय मिळतो. चित्र परत फाटायला लागलं तर ती जुनी फाइल परत आणू नका, आधी ऑन-डिमांडवर काय होतं ते बघा, बहुतेक लागणार नाही.

आणि टाइमशिफ्ट (सिस्टिमचे स्नॅपशॉट घेऊन ठेवणारा प्रोग्राम) चालू करा हो! मिंटमध्ये आयता येतो आणि निम्मे लोक पहिल्या दिवशी 'नंतर बघू' म्हणून खिडकी बंद करतात. ड्रायव्हर टाकण्याआधीचा स्नॅपशॉट असता तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून परत आणता आला असता.

ओलंसुकं

माझा प्रश्न: टीटीवाय (कंट्रोल+ऑल्ट+एफ३ ची काळी-पांढरी स्क्रीन) पण आली नाही आणि कॅप्स लॉकचा दिवाही मेलेला, तर पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय काही आहे का? भीती वाटते डिस्कची.

रात्रपाळी

आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन (त्यावर सिस-आरक्यू लिहिलेलं असतं) धरून ठेवा आणि थोडं थांबत-थांबत एस, यू, बी. एस म्हणजे डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त-वाचन कर, बी म्हणजे रीबूट. इंटरनेटवर आर-ई-आय-एस-यू-बी असा लांब मंत्र सापडेल, पण उबंटू-मिंटवर या सोयीची किंमत १७६ ठेवलेली असते. १६ सिंक, ३२ रीमाउंट, १२८ रीबूट, बेरीज १७६. म्हणजे शेवटची तीनच अक्षरं चालतात, आधीची दाबली काय आणि नाही काय. कर्नल पूर्ण गोठला असेल तर हेही चालणार नाही, मग बटण आहेच. डिस्कची फाइलसिस्टिम एक्स्ट४ असेल तर तिच्या स्वतःच्या जर्नलमुळे (बदलांची नोंदवही) सहसा निभावतं.

परत चालू करताना ग्रबमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडून बघा. नव्या कर्नलनंतरच सुरू झालं असेल तर तिथेच उत्तर मिळतं.

ताकपिठं

सिक्युअर बूटवाल्यांसाठी एक पुरवणी, माझ्या आठवड्याभराच्या डोकेदुखीवरून. माझ्याकडे ते चालू होतं. ड्रायव्हर टाकताना मशिनने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. रीस्टार्टला एक निळी स्क्रीन आली, 'मोक मॅनेजमेंट' वगैरे. काहीतरी बायोसचं असेल म्हणून पहिलाच पर्याय, 'कंटिन्यू बूट', दाबला. तिथे 'एनरोल मोक' निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. नाही दिला तर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवली जात नाही, कर्नल त्या मॉड्यूलला दारात उभं करत नाही, नूवो आधीच काळ्या यादीत टाकलेला, आणि पुढे अंधार. 'मॉडप्रोब एनव्हिडिया' केलं तर किल्ली नाकारल्याचं स्पष्ट सांगतं. ती निळी स्क्रीन एकदाच येते, दहा सेकंद वाट बघते आणि निघून जाते. परत आणायला 'सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट' आणि पुढे 'व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक' मधली 'मोक.डीईआर' फाइल.

बिनखिडकी

+१. लोक सरळ सिक्युअर बूट बंद करायला सांगतात. चालतं, पण बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असलेल्या विंडोजसोबत करत असाल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर लिनक्स उठेल आणि विंडोज कुलूप लावून बसेल.

गुरुजी_ऑफलाइन

आमच्या शाळेत देणगीत आलेले जुने लॅपटॉप आहेत, सगळ्यांवर मिंट. त्यातल्या एकाचं वेगळंच. लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड बरोबर, स्क्रीन काळी होते आणि परत लॉगिनचीच खिडकी. मुलं म्हणतात सर, याला तुमचा चेहरा आवडत नाही. एनव्हिडिया नाही, एएमडी आहे.

शून्य_अंश

गुरुजी, वर बिनखिडकींनी चौथी जागा म्हटली ती हीच. दोन गोष्टी बघा. कंट्रोल+ऑल्ट+एफ३ ने आत जाऊन 'डीएफ -एच', रूट पार्टिशन १०० टक्के भरलंय का. दुसरं, होम फोल्डरमधली लपलेली 'एक्सऑथॉरिटी' फाइल कोणाच्या मालकीची आहे. कोणी 'सुडो' लावून खिडकीवाले प्रोग्राम चालवले असतील तर ती रूटच्या नावावर जाते आणि मग तुम्हाला तुमच्याच घरात प्रवेश नाही. तसं असेल तर पुसून टाका, लॉगिन करताना परत तयार होते.

गुरुजी_ऑफलाइन

१०० टक्के भरलंय. मुलांच्या फाइली तर काहीच नाहीत त्यावर. ३२ जीबीची डिस्क.

शून्य_अंश

'सुडो एपीटी क्लीन', मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' (जुने कर्नल साठलेले असणार), मग 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१००एम'. तरी जागा झाली नाही तर 'सुडो डीयू' लावून 'व्हार'मध्ये कोण बसलंय ते शोधा. आणि मिंटवर टाइमशिफ्ट चालू असेल तर त्याचे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. ३२ जीबीत ते दोन-तीनच झाले तरी घर भरतं.

गुरुजी_ऑफलाइन

टाइमशिफ्टच! मीच मागे सगळ्या मशिनवर रोजचा लावला होता. जुने स्नॅपशॉट उडवले, ११ जीबी मोकळी झाली, लॉगिन झालं. @बिनखिडकी, तुमच्या सल्ल्याला ही तळटीप जोडा.

बिनखिडकी

जोडली. छोट्या डिस्कवर टाइमशिफ्ट रोजचा नको, आठवड्याचा, आणि एकच ठेवा. जमलं तर बाहेरच्या डिस्कवर, पण ती लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये फॉरमॅट केलेली हवी.

कातळकडा

शेवटचा अहवाल: ५३५ टाकला, ऑन-डिमांड केलं, 'एनव्हिडिया-एसएमआय' मध्ये कार्ड दिसतंय. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयवर पहिल्या फटक्यात आला, चित्र फाटत नाही, म्हणजे ती २० नंबरची फाइल आता निव्वळ आठवण. नकाशे आज दिले. दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप चालू करून दाखवला, तर म्हणतो, 'मग विंडोजच टाकायचं ना सरळ.'

गुरुजी_ऑफलाइन

मंडळी, आणखी एक लॅपटॉप आहे. तो चालू होतो, पण वायफाय…

शून्य_अंश

गुरुजी, नवीन धागा काढा.